हिरा एक, उगम दोन : प्रमाणित हिऱ्याची निवड कशी करावी?

लग्नसराईच्या तोंडावर सराफी पेढीवर विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांत अलीकडे एका प्रश्नाची भर पडली आहे. वजन किती, रंग कसा, घडणावळ काय हे विचारून झाले की घरातील एखादे वडीलधारे गृहस्थ आवाज किंचित खाली आणून विचारतात, "हा खाणीतला, की लॅबमधला?" पंधरा वर्षांपूर्वी हा प्रश्न फारसा कोणाच्या मनात येत नसे. आज एकाच काचकपाटात, एकाच प्रकाशात, दोन्ही प्रकारचे हिरे शेजारी शेजारी मांडलेले असतात. डोळ्यांना भेद दिसत नाही. किमतीत मात्र अनेक पटींचे अंतर असते.

या अंतरामुळे दोन टोकांची मते ऐकू येतात. एक पक्ष म्हणतो, लॅबचा हिरा म्हणजे नकली. दुसरा म्हणतो, दिसावयास सारखाच असेल तर खाणीतल्या हिऱ्याला जास्त पैसे का मोजावेत? दोन्ही मते अपुरी आहेत. दोन्ही हिरे खरे आहेत, दोहोंचे मोल वेगळे आहे आणि कोणता घ्यावा हे तो कशासाठी घ्यावयाचा आहे यावर ठरते. फसवणूक होते ती एकाच्या नावावर दुसरा दिला जातो तेव्हा. म्हणून निवडीची सुरुवात उगम विचारण्यापासून व्हावयास हवी.

ही रीत जुनीच आहे. इ.स. १३१५ मध्ये, दिल्लीत अलाउद्दीन खिलजीच्या कोषागाराशी संबंधित असलेल्या ठक्कुर फेरू या श्रीमाळ जैन गृहस्थाने 'रयणपरिक्खा' हा रत्नपरीक्षेवरील प्राकृत ग्रंथ रचला. रत्ने कोठे उत्पन्न होतात, त्यांचे गुणदोष कोणते आणि त्यांचे मोल काय, हे त्याच्या विवेचनाचे विषय आहेत. सातशे वर्षांनंतरही पारख याच तीन गोष्टींची करावयाची आहे : उगम, गुणदोष आणि मोल.

उगम : पृथ्वीच्या पोटात आणि यंत्राच्या पोटात

नैसर्गिक हिरा जमिनीखाली साधारणतः १५० ते २०० किलोमीटर खोलीवर, प्रचंड दाब व उष्णता यांत तयार होतो. बहुतेक हिऱ्यांचे वय एक अब्ज वर्षांहून अधिक आहे. किंबरलाइट नावाच्या खडकाबरोबर, प्राचीन ज्वालामुखीच्या उद्रेकातून ते वर आले. अठराव्या शतकात ब्राझीलमध्ये हिरे सापडेपर्यंत जगाला हिरा पुरविणारा मुख्य देश भारत होता. कृष्णा नदीच्या खोऱ्यातील हिरे गोवळकोंड्याच्या नावाने जगभर गेले. आज मध्य प्रदेशातील पन्ना येथील खाण सोडली तर आपल्याकडे हिऱ्याचे उत्पादन नगण्य आहे. मात्र जगातील बहुसंख्य हिऱ्यांना पैलू पाडण्याचे काम सुरतमध्ये होते आणि त्यांच्या व्यापाराचे एक प्रमुख केंद्र मुंबई आहे.

प्रयोगशाळेतील हिऱ्याचा इतिहासही वाटतो तितका नवा नाही. अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या प्रयोगशाळेत डिसेंबर १९५४ मध्ये कृत्रिम हिरा तयार झाला आणि पुढच्या वर्षी त्याची घोषणा झाली. प्रारंभी असे हिरे कापण्या-घासण्याच्या औद्योगिक कामापुरतेच होते. दागिन्यांत बसतील असे खडे बाजारात मोठ्या प्रमाणावर आले ते गेल्या दशकभरात.

ते दोन पद्धतींनी तयार होतात. पहिली एचपीएचटी, म्हणजे उच्च दाब व उच्च तापमानाची. हिऱ्याचे लहान 'बीज', ग्रॅफाइट आणि लोह-निकेलसारखा वितळलेला धातू एकत्र ठेवून वातावरणाच्या सुमारे पन्नास-साठ हजार पट दाब देतात. दुसरी सीव्हीडी. यात निर्वात केलेल्या पेटीत हिऱ्याची पातळ चकती ठेवून मिथेन व हायड्रोजन वायू सोडतात. सूक्ष्मलहरींच्या ऊर्जेने मिथेनमधील कार्बन सुटा होतो आणि त्या चकतीवर थरावर थर चढत जातो. काही आठवड्यांत पैलू पाडण्याजोगा खडा मिळतो. भारतात मुख्यतः सीव्हीडी पद्धत रुजली आहे. केंद्र सरकारने २०२३-२४ च्या अर्थसंकल्पात अशा हिऱ्यांच्या बीजावरील आयातशुल्क काढून टाकले. शिवाय या क्षेत्रातील संशोधनासाठी आयआयटी मद्रासला पाच वर्षांकरिता २४२ कोटी रुपयांचे अनुदान मंजूर झाले.

दोन्ही हिरे शुद्ध कार्बनचे. दोहोंची कठीणता १०, अपवर्तनांक २.४२ आणि घनता ३.५२. म्हणून लॅबच्या हिऱ्याला अमेरिकन डायमंडच्या पंक्तीत बसविणे चूक आहे. अमेरिकन डायमंड म्हणजे क्युबिक झिर्कोनिया. तो हिऱ्याहून बराच जड आणि मऊ असतो. मोइसनाइट हा सिलिकॉन व कार्बन यांचा वेगळाच पदार्थ आहे. हे दोन्ही हिरे नव्हेत.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. दुकानात हिऱ्याला टेकविले की आवाज करणारे जे पेनासारखे साधे यंत्र असते, ते केवळ उष्णतावहन मोजते. खाणीतला आणि लॅबमधला, दोन्ही हिऱ्यांना ते 'हिरा' म्हणूनच पास करते. काही वेळा मोइसनाइटलाही. अनुभवी पारख्याच्या भिंगालाही हा भेद खात्रीने कळत नाही. तो कळतो प्रयोगशाळेतील उपकरणांना. बहुतेक नैसर्गिक हिऱ्यांत नायट्रोजनचे अणू अतिदीर्घ काळात विशिष्ट रीतीने एकत्र आलेले असतात, तर काही आठवड्यांत वाढलेल्या हिऱ्यात तसे घडलेले नसते. वाढीच्या खुणाही दोहोंत निराळ्या असतात. म्हणून प्रमाणपत्राला पर्याय नाही. मात्र ते वाचता आले पाहिजे.

गुणदोष : प्रमाणपत्र कसे वाचावे?

अनेक घरांत प्रमाणपत्र दागिन्याच्या डबीत घडी करून ठेवले जाते आणि पुन्हा उघडले जात नाही. खरे तर खरेदीपूर्वी त्यावर दहा मिनिटे खर्च करणे, भाव करण्यात घालविलेल्या एका तासाहून अधिक उपयोगाचे ठरते.

सर्वप्रथम शीर्षक पाहावे. हिरा नैसर्गिक आहे की प्रयोगशाळेत वाढविलेला, हे तेथे शब्दांत लिहिलेले असते. केवळ 'सर्टिफाइड डायमंड' किंवा 'रिअल डायमंड' या शब्दांनी उगम कळत नाही. लॅबचा हिराही प्रमाणित असतो आणि खराही असतो. पावतीवरील 'सीव्हीडी', 'एचपीएचटी', 'एलजीडी' ही अक्षरेही नीट पाहावीत, कारण तिन्हींचा अर्थ प्रयोगशाळेतील हिरा असाच आहे. आयएसओ १८३२३ या २०१५ च्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार नुसता 'हिरा' म्हटले तर तो नैसर्गिकच समजावयाचा, आणि अन्य हिऱ्याचा उगम पूर्ण शब्दांत सांगावयाचा, आद्याक्षरांत नव्हे.

दुसरी गोष्ट, प्रमाणपत्र कोणत्या संस्थेचे आहे. १९३१ मध्ये अमेरिकेत स्थापन झालेल्या जीआयए या संस्थेने हिऱ्याचे मूल्यमापन रंग, निर्मळता, कट आणि कॅरेट या चार कसोट्यांवर करण्याची जी पद्धत रूढ केली, ती आज जगभर मान्य आहे. १९७५ मध्ये अँटवर्पला सुरू झालेली आयजीआय ही संस्था भारतातील दागिन्यांच्या बाजारात, विशेषतः लॅबच्या हिऱ्यांसाठी, सर्वपरिचित आहे. सर्व संस्थांचा काटेकोरपणा सारखा नसतो. एका संस्थेने दिलेला 'जी' रंग दुसरीकडे 'एच' किंवा 'आय' ठरू शकतो. म्हणून दोन हिऱ्यांच्या किमतींची तुलना करावयाची तर दोहोंची प्रमाणपत्रे एकाच संस्थेची असावीत.

आता चार कसोट्या. रंगाची श्रेणी 'डी' पासून 'झेड' पर्यंत असते. डी, ई, एफ हे वर्णहीन. जी ते जे हे जवळजवळ वर्णहीन. पिवळ्या सोन्यात जडवावयाच्या हिऱ्यासाठी 'डी' चा आग्रह धरून पैसे वाढविण्यात फारसा अर्थ नसतो. सोन्याची पिवळी झाक हिऱ्यात उतरतेच, आणि 'एच' किंवा 'आय' रंगही तेथे शुभ्र दिसतो. प्लॅटिनम वा पांढऱ्या सोन्यात मात्र रंगाचा फरक अधिक जाणवतो.

निर्मळता दहापट मोठे दाखविणाऱ्या भिंगाखाली ठरते. निर्दोषापासून सुरू होणाऱ्या श्रेणीत पुढे व्हीव्हीएस, व्हीएस, एसआय आणि शेवटी आय हे गट येतात. व्हीएस श्रेणीतील दोष सर्वसाधारणपणे नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत. एसआय मध्ये दोष कोठे आहे हे महत्त्वाचे : मधल्या पृष्ठभागाखाली काळा ठिपका असेल तर तो दिसतो, कडेला असेल तर सोन्याच्या पकडीखाली झाकला जातो.

कट या कसोटीकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते, आणि हिऱ्याचे तेज सर्वाधिक तिच्यावरच अवलंबून असते. गोल ब्रिलियंट हिऱ्याला ५७ किंवा ५८ पैलू असतात. त्यांचे कोन व प्रमाण बिघडले तर वरून शिरलेला प्रकाश खालून निसटतो आणि उत्तम रंगाचा हिराही निस्तेज दिसतो. वजन वाढविण्यासाठी खोल कापलेला हिरा वजनात भरतो पण वरून लहान दिसतो. चांगल्या प्रमाणात कापलेल्या एक कॅरेट गोल हिऱ्याचा व्यास सुमारे ६.५ मिलिमीटर असतो. प्रमाणपत्रावरील मोजमापांत तो आकडा तपासता येतो.

कॅरेट म्हणजे वजन : एक कॅरेट बरोबर ०.२ ग्रॅम, आणि त्याचे शंभर सेंट. नैसर्गिक हिऱ्याचा प्रतिकॅरेट दर पूर्ण आकड्याला उडी घेतो. म्हणून ०.९२ कॅरेटचा हिरा एक कॅरेटच्या हिऱ्याहून डोळ्याला फारसा लहान न दिसता बराच स्वस्त मिळू शकतो.

या चार ओळींनंतर 'शेरा' वाचावा. हिऱ्यावर रंग किंवा निर्मळता सुधारण्याची प्रक्रिया केली असेल, तर ती तेथे नोंदलेली असते. सीव्हीडी हिऱ्यात वाढीनंतर रंग सुधारण्यासाठी उष्णता-दाबाची प्रक्रिया करण्याची पद्धत आहे, तिचाही उल्लेख असतो. लॅबचा हिरा पांढऱ्या कागदावर ठेवून त्यात तपकिरी, करडी वा निळसर झाक दिसते का, हे दिवसाच्या उजेडात पाहणे चांगले.

जीआयएने १ ऑक्टोबर २०२५ पासून लॅबच्या हिऱ्यांना रंग व निर्मळतेच्या सविस्तर श्रेणी देणे थांबवून 'प्रीमियम' आणि 'स्टँडर्ड' असे दोनच वर्ग ठेवले आहेत. प्रयोगशाळेतील बहुतेक हिरे वरच्या थोड्याच श्रेणींत येतात, म्हणून नैसर्गिक हिऱ्यासाठी बनविलेली सूक्ष्म मापपट्टी त्यांना लावण्यात अर्थ नाही, अशी यामागची भूमिका आहे. लॅबच्या हिऱ्यात 'व्हीव्हीएस' आणि 'व्हीएस' यांतील फरकासाठी मोठी रक्कम मोजणाऱ्या ग्राहकाने हे ध्यानात ठेवावे.

अखेरीस, कागद आणि खडा एकमेकांचेच आहेत ना, हे तपासावे. प्रमाणपत्राचा क्रमांक हिऱ्याच्या कमरेवर, म्हणजे मधल्या कडेवर, लेझरने कोरलेला असतो. तो भिंगाखाली ग्राहकाने स्वतः पाहावा आणि संस्थेच्या संकेतस्थळावर तोच क्रमांक टाकून वजन व मोजमापे जुळवावीत. लॅबच्या हिऱ्यावर नैसर्गिक हिऱ्याच्या प्रमाणपत्राचा क्रमांक कोरल्याची प्रकरणे प्रयोगशाळांनी उघडकीस आणली आहेत. म्हणून मोठ्या खरेदीत जडणीपूर्वी सुटा हिरा तपासून घेणे अधिक सुरक्षित.

जेथे प्रमाणपत्र पोहोचत नाही

अर्ध्या कॅरेटचा वा त्याहून मोठा हिरा सुटा प्रमाणित होऊन येतो. हार, बांगड्या, कर्णफुले यांतील एक-दोन सेंटांचे शेकडो बारीक हिरे मात्र एकेक तपासणे परवडत नाही. नेमक्या याच मालात, पुडीतील नैसर्गिक हिऱ्यांत लॅबचे हिरे मिसळण्याचा धोका अधिक असतो, आणि कित्येकदा विकणाऱ्या सराफालाही त्याची कल्पना नसते. आता असा माल यंत्रावर झपाट्याने चाळून संशयित खडे वेगळे काढता येतात. संपूर्ण दागिन्याचे प्रमाणपत्र घेताना त्यात 'सर्व हिरे तपासले' असे म्हटले आहे की 'काही नमुने तपासले', हे वाचणे आवश्यक.

राजस्थानी-गुजराती घरांतील पोलकी व जडाऊ दागिन्यांत अडचण आणखी वाढते. हिऱ्याच्या मागे पत्रा आणि पाठ बंद असल्याने उपकरणालाही पूर्ण तपासणी करता येत नाही, आणि लॅबच्या हिऱ्याची पोलकी आता बाजारात सर्रास मिळते. अशा वेळी जडणीपूर्वीच खड्यांची तपासणी व पावतीवर स्पष्ट लेखी उल्लेख, हाच मार्ग उरतो.

आणखी एक गैरसमज हॉलमार्कविषयी आहे. दागिन्यावरील सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी क्रमांक सोन्याच्या शुद्धतेची ग्वाही देतो, हिऱ्याची नव्हे. हिऱ्याच्या दागिन्यावर बहुधा ७५० किंवा ५८५ असते, म्हणजे सोने १८ किंवा १४ कॅरेटचे. सोन्याचा भाव २२ कॅरेटचा लावला गेला नाही ना, हे पाहावे. तसेच सोन्याचे पैसे निव्वळ वजनावर द्यावयाचे असतात. अंगठीचे एकूण वजन ४.२०० ग्रॅम असून हिरा एक कॅरेटचा असेल, तर सोने ४.००० ग्रॅमच. अनेक हिऱ्यांच्या जड संचात ही वजावट राहून गेली तर ग्राहक हिऱ्याचे वजन सोन्याच्या भावाने दुसऱ्यांदा विकत घेतो.

मोल : आज देताना आणि उद्या घेताना

प्रमाणपत्रावर किंमत लिहिलेली नसते, आणि ते किमतीची हमीही देत नाही. ते फक्त काय आहे ते सांगते. मोल बाजार ठरवितो.

लॅबच्या हिऱ्याच्या बाबतीत बाजाराचे वळण स्पष्ट आहे. खाण मर्यादित असते, यंत्र मर्यादित नसते. यंत्रे वाढली, तंत्र सुधारले आणि दर कोसळत गेले. डी बिअर्स या नैसर्गिक हिऱ्यांच्या बलाढ्य कंपनीने २०१८ मध्ये 'लाइटबॉक्स' या नावाने लॅबच्या हिऱ्यांचे दागिने कॅरेटला ८०० डॉलर या दराने बाजारात आणले, तेव्हा तो दर खळबळजनक वाटला होता. पुढे घाऊक दर त्याच्या कितीतरी खाली गेले आणि मे २०२५ मध्ये कंपनीने ते नावच बंद करण्याची घोषणा केली. आज घेतलेला लॅबचा हिरा काही वर्षांनी विकावयास काढला, तर नव्या हिऱ्याचा दरच घसरलेला असेल. जुन्याला मोठी रक्कम येण्याची अपेक्षा ठेवू नये.

याचा अर्थ नैसर्गिक हिरा ही खात्रीची गुंतवणूक आहे असा मात्र नव्हे. गेल्या काही वर्षांत त्याचेही दर उतरले आहेत. सोन्यासारखा रोजचा एकच जाहीर भाव हिऱ्याला नसतो. प्रत्येक खडा वेगळा असतो. विकताना दुकानदाराचा नफा, घडणावळ आणि दागिन्यावर भरलेला ३ टक्के जीएसटी परत मिळत नाही. फरक इतकाच की उत्तम प्रमाणपत्राच्या, चांगल्या आकाराच्या नैसर्गिक हिऱ्याला पुनर्विक्रीचा बाजार आहे. लॅबच्या हिऱ्याला तो जवळजवळ नाही. 'बायबॅक' आणि 'एक्स्चेंज' हे शब्दही सारखे नाहीत. पहिल्यात रोख मिळते, दुसऱ्यात त्याच दुकानातून नवा माल घ्यावा लागतो. किती टक्के, कशावर आणि किती काळापर्यंत, हे पावतीवर लिहून घ्यावे.

म्हणून निवड हेतूवरून करावी. रोज वापरावयाची कर्णफुले, प्रवासात न्यावयाचा दागिना, शिकणाऱ्या मुलीला वाढदिवसाची भेट, मर्यादित खर्चात मोठा खडा घालण्याची हौस, यांसाठी लॅबचा हिरा योग्य आहे. कपड्यालत्त्याप्रमाणे वापरासाठी केलेला खर्च म्हणून त्याकडे पाहावे. पिढीकडून पिढीकडे जावयाचा दागिना, अडीअडचणीला थोडाफार आधार, किंवा दुर्मीळ वस्तू जवळ असण्याचे समाधान हवे असेल, तर नैसर्गिक हिरा घ्यावा, आकार लहान पडला तरी चालेल. लॅबचा हिरा गुंतवणूक म्हणून घेणे, आणि रोजच्या हौसेसाठी कर्ज काढून नैसर्गिक हिरा घेणे, या दोन्ही गोष्टी टाळाव्यात.

अहिंसेच्या दृष्टीने

जैन कुटुंबात हा प्रश्न केवळ पैशाचा राहत नाही. नवी पिढी विचारते, हिऱ्यामागे हिंसा किती? आफ्रिकेतील काही देशांत बंडखोरांच्या सशस्त्र टोळ्यांनी हिरे विकून युद्धे चालविली. त्यास आळा घालण्यासाठी २००३ पासून 'किंबर्ली प्रोसेस' ही प्रमाणन व्यवस्था लागू झाली. तिने बरेच साधले. परंतु ती केवळ कच्च्या हिऱ्यांपुरती आहे आणि बंडखोरांना मिळणाऱ्या पैशापलीकडील अन्यायांचा, म्हणजे मजुरांचे शोषण वा निसर्गाची हानी यांचा, तिच्या व्याख्येत समावेश नाही. याउलट बोट्सवानासारख्या देशात शाळा, रस्ते व दवाखाने हिऱ्याच्या उत्पन्नातून उभे राहिले, हेही तितकेच खरे.

लॅबच्या हिऱ्यासाठी जमीन खणावी लागत नाही. पण दाब, उष्णता आणि प्लाझ्मा यांसाठी वीज पुष्कळ लागते; ती कोळशाची असेल तर 'निसर्गस्नेही' या शब्दात फारसे तथ्य उरत नाही. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०१९ मध्ये अशा काही विक्रेत्यांना, जाहिरातींतील उगमाचा अस्पष्ट उल्लेख व पर्यावरणविषयक दावे यांबद्दल इशारापत्रे पाठविली होती. ज्याला हा मुद्दा महत्त्वाचा वाटतो त्याने कारखान्यात वीज कोणती वापरली जाते हे विचारावे, आणि उत्तर लेखी नसेल तर त्या दाव्यासाठी जादा पैसे देऊ नयेत. गुणवत्तेच्या प्रमाणपत्रात या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही.

घरातील व्यवहार

बाहेर चोख असणाऱ्या घरांतही एक गोष्ट कधीकधी राहून जाते. थोरल्या सुनेला वीस वर्षांपूर्वी पस्तीस सेंटांचा नैसर्गिक हिरा घातलेला असतो. धाकटीच्या साखरपुड्यात दोन कॅरेटची अंगठी येते आणि ती लॅबची आहे हे केवळ सासऱ्यांना व सराफाला ठाऊक असते. थोरलीच्या मनात सल राहतो. धाकटी आपल्या माहेरी हिऱ्याची किंमत लाखांत सांगते. पुढे कधी वाटणी होते, व्यवसायात नड येते, किंवा दागिना मोडून मुलीला द्यावयाचा ठरतो, तेव्हा पारखी यंत्राखाली खडा धरून दोन शब्दांत निकाल सांगतो. त्या दिवशी हिऱ्याची किंमत उतरते ते सोसता येते. घरच्यांनी लपविले, हे सहजी सोसता येत नाही. लॅबचा हिरा देण्यात काहीच कमीपणा नाही. तो देताना सांगितला तर दोघींच्याही मनात शंका उरत नाही.

लग्नात मिळालेला दागिना हे सुनेचे स्त्रीधन आहे. म्हणून त्याचे प्रमाणपत्र व पावतीची प्रत तिच्याच हाती असावी; दुकानाच्या तिजोरीत सासऱ्यांच्या कागदांत नव्हे.

जे वाचक स्वतः या व्यवसायात आहेत, त्यांच्यावरील जबाबदारी अधिक आहे. तत्त्वार्थसूत्रात अचौर्य व्रताच्या अतिचारांत 'प्रतिरूपकव्यवहार', म्हणजे अस्सल मालाच्या नावे त्यासारखाच दिसणारा दुसरा माल खपविणे, आणि मापात कमी-जास्त करणे, या दोहोंची गणना केली आहे. वर सांगितलेल्या मिसळलेल्या पुडीला आणि न वजा केलेल्या वजनाला हीच नावे लागू पडतात. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसारही मालाचे खोटे वर्णन ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. दोन्ही प्रकारच्या मालाच्या पुड्या, तबके आणि नोंदवह्या वेगळ्या ठेवणे, घेतलेला माल चाळून घेणे, आणि ग्राहकाने विचारण्यापूर्वी उगम सांगणे, यासाठी खर्च थोडा येतो. पिढ्यान्‌पिढ्या तोंडी शब्दावर चालत आलेल्या या व्यापाराची पत मात्र त्यावरच टिकून आहे.

खरेदीपूर्वी विचारावयाचे प्रश्न

१. हिरा नैसर्गिक की प्रयोगशाळेतील? हा उल्लेख पावतीवर पूर्ण शब्दांत आहे का?

२. प्रमाणपत्र कोणत्या संस्थेचे? त्याचा क्रमांक हिऱ्याच्या कडेवर आणि संकेतस्थळावर जुळतो का?

३. शेऱ्यात एखाद्या प्रक्रियेचा उल्लेख आहे का?

४. बारीक हिरे तपासलेले आहेत का, आणि सर्व की नमुन्यादाखल?

५. पावतीवर एकूण वजन, निव्वळ सोने, हिऱ्याचे वजन व दर, घडणावळ आणि जीएसटी वेगवेगळे दाखविले आहेत का?

६. परत घेण्याची अट रोखीची की बदल्याची? हिऱ्यावर किती टक्के?

७. ज्या व्यक्तीसाठी दागिना घेतला जात आहे, तिला हिऱ्याचा उगम ठाऊक आहे का?

पहिल्या सहा प्रश्नांची उत्तरे सराफाने द्यावयाची आहेत. सातव्याचे उत्तर कुटुंबाने द्यावयाचे आहे, आणि ते पेढीवरून उठण्यापूर्वी दिलेले बरे.